मेंढ्याला मांड्या दोनच

आमच्या दुकानात गिऱ्हाईक राजा नसतो. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी तोंड वाकडं करायला नको. दुकान मटणाचं. आमचे हे मेंढा कापतात. मी सोलते, तोडते, वजन करते आणि भांडते. यातलं शेवटचं काम मला सगळ्यात चांगलं जमतं, असं गल्लीचं म्हणणं आहे.

गल्ल्यामागच्या भिंतीवर एक लाकडी फळी आहे. तिला ओळीने खिळे, आणि प्रत्येक खिळ्याखाली माझ्या सासऱ्यांनी तापलेल्या सळीने कोरलेलं नाव: मांडी, खांदा, बरगडी, मान, मुंडी-पाय, काळीज-वजडी. प्रत्येक खिळ्यावर चार-दोन घरांचे बिल्ले लटकतात. बिल्ला म्हणजे ज्याने त्याने आपल्या घरून आणलेली वस्तू. शिंप्याचं मोठं बटण, घड्याळवाल्याचं दातेरी चाक, सुईणीचा चमचा, कुलूपवाल्याची कुठल्याच कुलपाला न लागणारी किल्ली. ज्या खिळ्यावर तुमचा बिल्ला, तो भाग तुमचा. एक मेंढा संपला की सगळे बिल्ले एक खिळा पुढे सरकतात. आज मांडी मिळाली तर पुढच्या वेळी खांदा, मग बरगडी, असं करत वजडीपर्यंत जायचं आणि फिरून मांडीवर यायचं. डॉक्टर असो की गटार साफ करणारा, फळीपुढे सगळे सारखे. आणि पहिला मेंढा खुरापर्यंत संपल्याशिवाय दुसरा कापायचा नाही.

मध्येच कुणी आलं, "वहिनी, द्या ना अर्धा किलो," म्हणत, की मी शेजारच्या धान्यवाल्याकडे बोट दाखवते. "परवाच नेलंत की. आज मसूर शिजवा. पोटाला जरा सुट्टी द्या." धान्यवाल्याची आणि माझी आतून भागीदारी आहे अशी गल्लीत वदंता आहे. असती तर बरं झालं असतं.

ही फळी हौसेने आलेली नाही. सासऱ्यांच्या तरुणपणी गावाला मटणाची चटक लागली होती. ज्याला त्याला रोज हवं, आणि हवी ती मांडीच. वरच्या उतारावर कळपांवर कळप चढले. गवत मुळासकट गेलं, मग माती सुटली, आणि एके वर्षी ओढ्यातून पाण्याऐवजी चिखल खाली आला. विहिरी गढूळ झाल्या, पोरं आजारी पडली. इकडे बाजाराच्या मागच्या कालव्यात मुंड्या आणि बरगड्या फुगून तरंगत होत्या, कारण त्या कुणालाच नको होत्या. सासऱ्यांनी त्या वर्षी फळी ठोकली. उतार जेवढा पोसेल तेवढाच मेंढा, आणि कापलेला मेंढा सगळ्यांचा. गल्लीने त्यांना खुळ्यात काढलं. मग हळूहळू बटणं, किल्ल्या आणि चमचे यायला लागले. आता तो उतार पुन्हा हिरवा आहे. दुकानातून दिसतो, म्हणून सांगते.

आमच्या घराचा बिल्ला मात्र फळीवर नाही. "वाटणाऱ्याने शेवटी घ्यायचं," ही सासऱ्यांची शिस्त. उरेल ते आमचं. आणि उरते ती मान. मानेचा नंबर आला की गल्लीत कुणाचं पोट बिघडतं, कुणाला अचानक परगावी जावं लागतं. त्यामुळे लग्न होऊन या घरात आल्यापासून मी मानच खात आले. मांड्या मी इतक्या तोडल्या की डोळे मिटून सुरी चालते, पण मांडी जिभेवर कधी आली नव्हती. त्याचं मला काही वाटतही नव्हतं. वाटायला लागलं ते लेकीच्या लग्नाच्या वेळी.

लेक वजनकाटे दुरुस्त करते. बाजारपेठेतला कुठलाही काटा खोटं बोलायला लागला की तिला बोलावणं येतं. तसंच एका बेकरीतून आलं. काटा एका दिवसात दुरुस्त झाला, पण बाईसाहेब महिनाभर तो तपासायला जात होत्या. बेकरीवालीचा भाचा भट्टीवर काम करतो. आईबाप लहानपणीच गेले, आत्यानेच वाढवला. मुलगा गुणी. मला पहिल्या भेटीतच आवडला, कारण त्याने हात धुतल्याशिवाय माझ्या गल्ल्याला हात लावला नाही.

आत्याबाईंनी आम्हा तिघांना जेवायला बोलावलं. घर बेकरीच्या वरच. जिन्यापासून भाजक्या पिठाचा वास. आत्याबाई अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार. त्यांनी आमच्यापुढे ऊनऊन पाव ठेवले, आणि मग दाट रश्श्यात शिजवलेल्या मटणाचा एकेक मोठा तुकडा स्वतःच्या हाताने वाढला. मी घास घेतला. मऊ शिजलं होतं. तुकड्याच्या मधून एक पांढरी शीर गेली होती, मानेत असते तशी. पाहुण्याने दोन चांगले शब्द बोलावेत म्हणून मी बोलले.

"विहीणबाई, मान इतकी मऊ मला कधी शिजवता आली नाही हो."

रश्श्याचा डाव हवेतच थांबला. आत्याबाई म्हणाल्या, "मान?"

लेकीने टेबलाखालून मला लाथ मारली. आमचे हे वर्षातून चारदा बोलतात, त्यातलं एक बोलणं त्यांनी नेमकं तिथे खर्च केलं. "बरगडी असेल गं," ते म्हणाले.

"मांडी आहे ती!" आत्याबाईंचा आवाज खाली बेकरीपर्यंत गेला असणार. "बाजारातल्या बड्या दुकानातून आणलीय, खास तुमच्यासाठी. पहिल्यांदा घरी आलेल्या पाहुण्यांना मी मान वाढीन? आणि तुम्हाला मांडी ओळखता येत नाही? खाटीक ना तुम्ही?"

झालं, मग सगळं सांगावं लागलं. फळी, बिल्ले, शेवटी घ्यायचं. मी अभिमानाने सांगत होते, आणि आत्याबाईंच्या चेहऱ्यावर अभिमानाऐवजी कीव गोळा होत होती. कीव मला सहन होत नाही. शिवी चालेल.

"म्हणजे खाटकाच्या घरात मांडी नाही," त्या म्हणाल्या. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बरं, लग्नाचं जेवण तुमच्याकडे ना? मग माझ्या माणसांना त्या दिवशी मांडी हवी. प्रत्येकाला असा जाड तुकडा, मोठ्या दुकानात मिळतो तसा. मान आणि मुंड्या मला ताटात दिसायला नकोत."

"अहो, तेवढी माणसं म्हणजे अख्खा कळप कापायला लागेल," मी म्हटलं. "बाकीचं कोण खाणार? कालव्यात टाकू?"

"ते तुमचं तुम्ही बघा. जमणार नसेल तर आत्ताच सांगा. पीठ भट्टीत जायच्या आधीच मोडता येतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण समोर मुलगा मान खाली घालून बसला होता, आणि माझ्या लेकीने त्याच्याकडे पाहिलं. "बघते," एवढंच म्हणाले आणि उठले.

परतताना लेक माझ्यापुढे चार पावलं चालत होती. दुकानात आल्यावर ती फळीसमोर उभी राहिली.

"आई, एक दिवस," ती म्हणाली. "फक्त एक दिवस. मी याच दुकानात वाढले. शाळेतून आले की बिल्ले सरकवायचे मीच. तुझं म्हणणं मला कळत नाही असं नाही. पण माझं लग्न या खिळ्यावर टांगू नकोस."

"आणि लोकांना काय सांगू? माझ्या घरी कार्य निघालं म्हणून नियम झोपलाय? उद्या डॉक्टरच्या घरी कार्य निघेल, परवा शिंप्याच्या."

"मग मला सांग, मी त्याला काय सांगू?"

इतक्या गिऱ्हाइकांशी भांडले, पण त्यांतलं एकही गिऱ्हाईक माझ्या पोटचं नव्हतं. ती रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्याला रागावता येतं. ती काट्याची पारडी पुसत राहिली.

बातमी गल्लीत पसरायला काय वेळ लागतो! सकाळी घड्याळवाला आला. "वहिनी, या खेपेला माझा नंबर मांडीचा आहे. तो लेकीला दिला." त्याच्यामागून सुईण आली, मग शिंपी. चांगली माणसं आहेत. पण सगळ्या गल्लीने आपले नंबर दिले तरी मेंढ्याला मांड्या दोनच असतात, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. मग उताराच्या वाटेला लागले.

खोटं कशाला सांगू, मी हो म्हणायलाच निघाले होते. नियम सासऱ्यांचा, लेक माझी. मेंढपाळाला म्हटलं, "लग्नासाठी जास्त लागतील. बरेच." त्याने किती ते विचारलं, मी सांगितलं. त्याने डोकं खाजवलं आणि काठीने कळप वेगळा करायला लागला. मोठे मेंढे लगेच संपले. मग तो गाभण मेंढ्यांकडे वळला, मग गेल्या थंडीतल्या कोकरांकडे. "एवढे गेले की मग पुढची दोन वर्षं माझ्याकडे येऊ नका," असं तो तक्रार न करता म्हणाला. एक कोकरू माझ्या पदराला तोंड लावून उभं होतं. खाटकिणीने कोकराकडे बघून पाघळायचं नसतं, आणि मी पाघळले नाही. मी फक्त हिशेब पाहिला: एका जेवणासाठी दोन वर्षं. गल्लीतल्या कुठल्या पोराला मी दोन वर्षं सांगत बसणार होते की तुझा नंबर माझ्या पाहुण्यांनी खाल्ला?

"सोड सगळे," मी म्हटलं. "एकच मोठा ठेव."

उतरले ती सरळ बेकरीत गेले. मनात भांडणाची पूर्ण तयारी. कुठल्या शब्दाने सुरुवात करायची तेही ठरलेलं. दुपारची वेळ होती. नुकतीच भट्टी उघडलेली, पत्र्यांवर पावांच्या रांगा वाफाळत होत्या. आत्याबाई, भाचा आणि दोन कारागीर मागच्या टेबलाशी जेवायला बसले होते. त्यांच्या ताटांत पाव होते, कडेने काळे पडलेले, असे कडक की आत्याबाई तुकडा चहात बुडवून थांबत होत्या.

ठरलेला शब्द माझ्या तोंडातून आलाच नाही.

"विहीणबाई," मी विचारलं, "हा पाव कधीचा?"

"कालचा. का?"

"आणि ते मागचे?"

"ते आत्ताचे. विकायचे आहेत." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की या बाईला एवढंही कळत नाही का. "उरलेला पाव टाकायचा की काय? माझ्या आईच्या हयातीत या भट्टीतला एक तुकडा उकिरड्यावर गेला नाही. माझ्याही जाणार नाही. आधी कालचा संपायचा, मग..." 

इथे त्या थांबल्या.

"मग आजचा उद्या खायचा," मी म्हटलं. "ऊन पाव तुम्ही शेवटचा कधी खाल्लात?"

आत्याबाई विचार करायला लागल्या. खरंच विचार करत होत्या; चेहऱ्यावर दिसत होतं. भाचा हळूच म्हणाला, "आत्या, मी तर कधीच नाही खाल्ला. त्या दिवशीसुद्धा ऊन पाव त्यांना होते, आपल्याला कालचे."

"तू गप्प बस," त्या म्हणाल्या. आणि मग हसायला लागल्या. पहिल्यांदा नुसते खांदे हलले, मग टेबल हललं, मग चहा सांडला. मलाही राहवलं नाही. दोघी विहिणी पिठाच्या पोत्यांमध्ये उभ्या राहून डोळे पुसत होतो, आणि कारागिरांना कळेना की आता पळावं की थांबावं.

हसू ओसरल्यावर त्या खालच्या आवाजात बोलल्या. तो आवाज त्यांच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं. "मला मांडीचं काय हो. माझ्या दिरा-जावांचं तोंड तुम्हाला ठाऊक नाही. परक्याचं पोर म्हणून स्वस्तात उजवलं, असं म्हणतील. याच्या बाबतीत मला ते ऐकायचं नाही. हा माझा आहे."

मला त्यांचा राग येईनासा झाला. मीही लेकीसाठी अख्खा उतार कापायला निघाले होतेच की. मी त्यांच्या शेजारी बसले, ताटातला कालचा एक पाव उचलला, चहात बुडवला आणि खाल्ला. म्हटलं, "ऐकायला येणार नाही. ते माझ्यावर सोडा. एक मेंढा, एकच पातेलं आणि तुमचा कालचा पाव. आणि आपण दोघी वाढायला."

लग्नाच्या आदल्या दिवशी तो मेंढा मी मुंडीपासून खुरापर्यंत एकटीने तोडला. सगळं एकाच भल्या मोठ्या पातेल्यात गेलं: मांडी, मान, बरगड्या, पाय. सोबत धान्यवाल्याने दिलेलं पोतंभर कडधान्य, आणि सकाळपर्यंत मंद आचेवर. रस्सा दाट करायला आत्याबाईंनी कालचे पाव कुस्करून घातले. शिजल्यावर मांस हाडापासून असं सुटलं की कुठला तुकडा कुठला, ते मलाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी पंगतीला गल्ली झाडून आली होती, म्हणजे तो मेंढा गल्लीचाही होता. त्या खेपेला फळीवरचे बिल्ले मी हलवले नाहीत.

आत्याबाईंनी डाव हातात घेतला आणि आपल्या भरदार आवाजात सांगून टाकलं, "मंडळी, मेंढा एकच आहे आणि पाव कालचा आहे. ज्याला पटत नाही त्याने आत्ताच उठावं, म्हणजे दुसऱ्याला जागा होईल." कुणी उठलं नाही. त्यांची मोठी जाऊ पहिल्याच घासाला म्हणाली, "मला मांडीचा तुकडा आलाय बरं का, कळतं लगेच." तिच्या शेजारच्यालाही मांडीच आली होती. त्याच्या शेजारच्यालाही. अजूनही त्या जेवणाचा विषय निघाला की प्रत्येक जण म्हणतो, मांडी माझ्याच ताटात होती.

लग्नानंतर लेक दुकानात आली ती गिऱ्हाईक म्हणून. हातात पितळेचं छोटं वजन, वर भोक पाडून दोरा ओवलेलं. "आमच्या घराचा बिल्ला," ती म्हणाली. 'आमच्या' या शब्दावर मला जरा भरून आलं, पण मी ते सुरी पुसण्यात घालवलं. नवा बिल्ला नेहमी खांद्याच्या खिळ्यावर लागतो, म्हणजे मांडीसाठी अख्खा फेरा वाट बघावी लागते. लेकीला सूट नाही. तिने खांदा नेला, मग बरगडी, मग मान. मानेच्या वेळी पोट बिघडलं नाही, एवढी शिकवण माझी. मग मुंडी, मग वजडी. मग एके दिवशी पितळी वजन मांडीच्या खिळ्यावर आलं, आणि मी तिच्या वाट्याची मांडी कागदात बांधून दिली.

संध्याकाळी ती परत आली. सोबत नवरा, आणि मागून जिना चढून दमल्यासारखा आवाज करत आत्याबाई. लेकीने गल्ल्यावर डबा ठेवला. आत नुसतीच भाजलेली मांडी, वर कालचा पाव.

"दुकानाने घ्यायचं नाही, असा नियम आहे," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाने द्यायचं नाही, असं आजोबांनी कुठे कोरलेलं नाही. बघितलंय मी."

मी घास घेतला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. चांगली होती. फारच चांगली होती, आणि एवढ्या वर्षांनी ती माझ्या लेकीच्या वाटणीतून माझ्या तोंडात आली होती, म्हणून मला रडू आलं. या वेळी पुसायला सुरीसुद्धा हाताशी नव्हती. मी दुसरा घास घेतला. मग तुकडा बोटांनी उलगडून उजेडात धरला. आरपार एकसारखा, मधून शीर नाही, पापुद्रा नाही.

"आता तरी ओळखता येईल ना, विहीणबाई?" आत्याबाई मिश्किलपणे म्हणाल्या.

"येईल की," मी म्हटलं. "म्हणून तर सांगते. तुम्ही त्या दिवशी मला जी वाढलीत ना, ती मांडी नव्हतीच. मधून पांढरी शीर होती तिच्यात, आणि मान काही तेवढी मऊ शिजत नाही. खांदा होता तो."

"काय सांगता! बाजारातलं मोठं दुकान आहे ते! तिथे जाईल त्याला मांडीच मिळते, केव्हाही जा, हवी तेवढी!"

"हवी तेवढी," मी म्हटलं. "रोज, सगळ्यांना. अहो, मग त्यांच्या मेंढ्याला मांड्या किती?"

आत्याबाईंनी फळीकडे बघितलं. मग डब्यातला कालचा पाव मोडून अर्धा मला दिला.